हिरड्यांतून रक्त, मिश्री, शुगर आणि रात्रीचा ब्रश : तोंडाच्या आरोग्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातांच्या दवाखान्यात येणारे बहुतेक लोक ठणका लागल्यावरच येतात. तोवर काम वाढलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी जी दाढ छोट्या फिलिंगवर भागली असती, तिला आता रूट कॅनाल आणि कॅप लागते, नाहीतर ती काढावीच लागते. पैसे जातात, दिवस मोडतो आणि माणूस घास धड चावू शकत नाही. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना जे प्रश्न रोज कानावर येतात, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवते आहे. वेळ कमी असेल तर रक्त, मधुमेह आणि मिश्री यांवरची उत्तरं आधी वाचा. बाकीची सवडीने वाचली तरी चालतील.

ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं. ब्रश करणं थांबवू का?

थांबवू नका. हे रक्त बहुतेक वेळा ब्रश लागल्यामुळे येत नाही, ब्रश तिथपर्यंत पोचत नाही म्हणून येतं. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेवर रोज एक मऊ, पांढरट, चिकट थर साचतो. नखाने हलकेच खरवडलंत तर नखावर येतो. तो अन्नाचा चोथा नाही, जिवंत जंतूंचा थर आहे. तो तिथेच राहिला की शरीर त्याच्याशी लढायला लागतं, हिरडीचा रक्तपुरवठा वाढतो, ती लाल होऊन फुगते आणि जरासा स्पर्श झाला तरी रक्त येतं. रक्त दिसलं म्हणून माणूस ती जागा सोडून ब्रश करतो, थर आणखी साचतो, रक्त आणखी येतं.

डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात साफ करणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा नीट साफ करायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. आजही पेशंटला मी हेच सांगते. मऊ ब्रश घ्या आणि जिथून रक्त येतं तिथेच, हलक्या हाताने, रोज दोनदा फिरवा. पहिले तीन-चार दिवस रक्त येईल, मग कमी होत जाईल. दोन आठवडे नीट करूनही थांबलं नाही, तर हिरडीखाली किटण, म्हणजे तोच थर दगडासारखा कडक होऊन, धरलेलं असणार. ते घरच्या ब्रशने निघत नाही, दवाखान्यातच काढावं लागतं.

उशीर मात्र करू नका. सुजलेली हिरडी पूर्ण बरी होते, पण हिरडीखालचं हाड एकदा झिजलं की आपोआप भरून येत नाही. दात हलायला लागल्यावर माणूस येतो तेव्हा तेच हाड गेलेलं असतं. आणि हा आजार बराच काळ दुखत नाही, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

तापात, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत, हिरड्यांतून अचानक रक्त यायला लागलं तर तो वेगळा विषय आहे. तेव्हा आधी फिजिशियनकडे जा.

मला शुगर आहे. तिचा दातांशी काय संबंध?

संबंध दोन्ही बाजूंनी आहे. रक्तातली साखर वाढलेली राहिली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते, जखमा लवकर भरत नाहीत, तोंड कोरडं पडतं आणि हिरड्यांचा आजार झपाट्याने वाढतो. उलट बाजूने, हिरड्यांत सतत सूज राहिली की शरीरातल्या इन्शुलिनचा परिणाम कमी होतो आणि शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. हिरड्यांचे नीट उपचार केलेल्या मधुमेहींचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरलेलं दिसतं. आकडा छोटा वाटेल. पण ७.९ वरून ७.५ वर येणं म्हणजे काय, हे ज्यांनी त्यासाठी भात सोडला आहे त्यांना ठाऊक आहे.

कधीकधी आम्हालाच आधी शंका येते. चाळिशीतला माणूस येतो, दोन-तीन ठिकाणी हिरडीला पुवाचे फोड, दात हलतायत, तोंड कोरडं. अशा वेळी दाताला हात लावण्याआधी मी रक्तातली साखर तपासून यायला सांगते. आपल्याला मधुमेह आहे हे काहींना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

मधुमेह असेल तर वर्षातून दोनदा दात दाखवा. दाढ काढायची असेल तर सकाळची वेळ घ्या, नेहमीसारखं खाऊन आणि आपली गोळी किंवा इन्शुलिन घेऊन या. दात काढायचा म्हणून उपाशी येणारे फार असतात. त्यांची शुगर खुर्चीतच खाली जाते.

हिरड्या खराब असल्या तर हार्ट अटॅक येतो म्हणतात, खरं का?

हृदयविकार आणि हिरड्यांचा आजार एकाच माणसात पुष्कळदा दिसतात, हे खरं आहे. पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि मधुमेह दोन्हींना खतपाणी घालतात. त्यामुळे ‘दात साफ करा, अटॅक टळेल’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

थेट धोका आहे तो झडपांचा. हृदयाची झडप बदललेली असेल, पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झालेला असेल, लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने झडप खराब झालेली असेल किंवा जन्मतःच हृदयात दोष असेल, तर दात काढण्यापूर्वी किंवा किटण काढण्यापूर्वी ते दातांच्या डॉक्टरला सांगितलंच पाहिजे. तोंडातले जंतू रक्तात शिरून झडपेवर घर करू शकतात. यातल्या काही पेशंटना तासभर आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

बाकीच्या गोळ्या चालू आहेत, त्या दातांच्या डॉक्टरला सांगायच्या का?

सगळ्या सांगा. शक्यतो पाकिटंच पिशवीत घालून आणा. बीपीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनने आणि फिटच्या फेनिटॉइनने काही जणांच्या हिरड्या वाढतात, दातांवर चढतात. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्त थांबवायचे उपाय आमच्याकडे असतात. मेंदूत किंवा हृदयात गुठळी झाली तर ती निस्तरणं कितीतरी अवघड. हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल, तर तेही दात काढण्याआधी कळवा, कारण त्यात जबड्याचं हाड भरायला अडचण येऊ शकते.

दिवसातून किती वेळा ब्रश करायचा? चहाच्या आधी की नंतर?

दोनदा. त्यातला एक रात्री झोपण्यापूर्वी आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. एकच सवय बदलायची असेल तर ही बदला. आपल्याकडे सकाळी सगळे घासतात, रात्री फार थोडे. झोपेत लाळ खूप कमी सुटते. लाळ म्हणजे तोंडाचं संरक्षणच, ती आम्ल धुऊन काढते आणि दाताला खनिजं परत देते. ती नसताना रात्रभर दातांवर जेवणाचा अंश राहिला तर सात-आठ तास जंतूंना मोकळं रान.

सकाळचा ब्रश उठल्यावर, चहाच्या आधी केला तरी चांगला. नाश्त्यानंतर करायचा असेल तर अर्धा तास थांबा. लिंबू, चिंच, कोकम, संत्रं असं आंबट खाल्लं असेल किंवा पित्त उलटून पडलं असेल तेव्हा तर नक्कीच. आम्लाने दाताचा वरचा थर थोडा वेळ मऊ झालेला असतो, त्यावर लगेच ब्रश घासला की तो झिजतो. तेवढ्यात साध्या पाण्याने चूळ भरा.

ब्रश नेमका कसा फिरवायचा?

दवाखान्यात मी आरसा हातात देते आणि करून दाखवायला सांगते. बहुतेक जण पुढचे दात आडवे, जोरात, करवतीसारखे घासतात. मागच्या दाढांपर्यंत पोचतच नाहीत. पन्नाशीनंतर हिरडीलगत दातावर जी खाच पडते आणि गार पाण्याने सणक येते, ती अशा घासण्याने.

ब्रश पेनासारखा बोटांत धरा, मुठीत नको. मुठीत धरला की जोर येतोच. केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर, तिरके टेकवा. जागच्या जागी बारीक हलवा, मग खालच्या दातांना वरच्या दिशेने आणि वरच्या दातांना खालच्या दिशेने झाडल्यासारखा फिरवा. दोन दात झाले की पुढे सरका. सुरुवात खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूने करा. तिथे किटण सगळ्यात आधी धरतं आणि ब्रश सगळ्यात शेवटी पोचतो. तिथे ब्रश उभा धरावा लागतो. शेवटच्या दाढेच्या मागची भिंत घासताना तोंड थोडं मिटा, गाल सैल पडतो आणि जागा होते. सगळं मिळून दोन मिनिटं. घड्याळ लावून पाहिलंत तर कळेल की ती बरीच लांब असतात.

पेस्ट थुंका आणि मग खळखळून चुळा भरू नका. एखादी छोटी चूळ चालेल. भरभरून चुळा भरल्या की पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड लगेच धुऊन जातं आणि ते दातावर राहायला हवं असतं. जुनी सवय आहे, मोडायला वेळ लागतो.

ब्रश आणि पेस्ट कोणती घ्यायची?

ब्रश मऊ, डोकं लहान. केस फाकले की बदला, नाहीतर तीन महिन्यांनी. पेस्टच्या खोक्यावर ‘फ्लोराइड’ आणि ‘पीपीएम’ शोधा. भारतात ते १००० पीपीएमपर्यंत असतं आणि तेवढं पुरतं. कोळसा, सोनं, लवंग, मीठ असं काय काय लिहिलेलं असतं, त्याने कीड थांबत नाही. पांढरेशुभ्र करणाऱ्या पेस्ट रोज वापरू नका. लाल मंजनात गेरू असतो, तो खरखरीत असल्याने दात झिजवतो.

आमच्या आजीने आयुष्यभर दातवण वापरलं, तिचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. मग ब्रश कशाला?

आजीच्या आहारात साखर किती होती, हे विचारा. चहा दिवसातून एकदा, बिस्किटं नाहीत, बेकरी नाही. दातांना कीड लावणारी गोष्टच ताटात कमी होती.

कडुलिंबाची किंवा बाभळीची ताजी काडी चावून तिचा कुंचा केला आणि हलक्या हाताने फिरवला, तर वरचा थर निघतो. शेतावर असाल आणि ब्रश नसेल तर जरूर वापरा. पण आतल्या बाजूला आणि दाढांच्या मागे काडी पोचत नाही, आणि फ्लोराइड मिळत नाही. राखुंडी, विटेचा चुरा, कोळसा मात्र नकोच. सुरुवातीला दात पांढरे दिसतात, कारण वरचं कवच घासलं जातं. पुढे ते पातळ होऊन आतला पिवळा भाग दिसायला लागतो आणि गार पाणी सहन होत नाही.

तेलाने गुळण्या करायला माझी हरकत नाही. त्या ब्रशच्या जागी मात्र चालणार नाहीत.

मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. सोडायची कशी?

हा प्रश्न बायका विचारतात आणि हळू आवाजात विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मिश्री, कोकणात मशेरी, म्हणजे तंबाखूच. पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, छोट्या डबीत भरून ठेवायचं. सकाळी उठल्यावर ओसरीवर बसून बोटाने हिरड्यांवर चोळायचं, तोंडात धरायचं आणि थुंकायचं. सुरुवात बहुधा दात दुखला म्हणून होते, सासूने किंवा शेजारणीने दिलेली असते. निकोटीनने थोडं बधिर वाटतं, बरं वाटतं. मग सकाळचं एकदा होतं ते दुपारी जेवल्यावर, रात्री भांडी झाल्यावर असं वाढत जातं. काहींना दिवसातून पाच-सहा वेळा लागते. भाजल्याने तंबाखूचं विष जात नाही.

पोटाचं खरं आहे. निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते आणि शरीराला त्याची सवय होते. त्यामुळे मिश्री सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं आणि बाई म्हणते, मला ती लागतेच. ही सवय मोडते. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि काकडी-गाजर, सकाळी थोडं चालणं, आणि गरज पडली तर थोडे दिवस इसबगोल. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. पहिला आठवडा सगळ्यात जड जातो, मग दोन ते चार आठवड्यांत उतार पडतो.

कशी सोडायची? काही जणी एका दिवशी डबी फेकतात, आणि ते सगळ्यात चांगलं. जमत नसेल तर आधी दुपारची सोडा, मग रात्रीची, सकाळची शेवटी. ज्या वेळी लावत होतात त्याच वेळी पेस्टने ब्रश करा, हाताला आणि तोंडाला काम राहतं. घरात भाजणं बंद करा. दोघी-तिघींनी मिळून सोडली तर फार सोपं जातं, कारण ती लावताना गप्पांची संगतही असते आणि तीही जाते असं वाटतं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारचा मोफत फोन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. आणि घरातल्या पुरुषांनी बाईला रागावू नये. व्यसन आहे ते, चारित्र्याचा दोष नाही.

गरोदर असाल तर आजच थांबवा. तंबाखू कुठल्याही रूपात असली तरी बाळाचं वजन कमी भरतं आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो.

१९९२ पासून भारतात टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला बंदी आहे. मिश्री घरात भाजली जाते म्हणून ती कायद्याच्या बाहेर राहिली.

मी फक्त सुपारी खातो, तंबाखू नाही. तरी धोका आहे का?

आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक, पांढरट होत जाते, तिखट लागतं, आणि तोंड कमी कमी उघडतं. आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर लगेच दाखवा. ही कातडी पूर्वीसारखी मऊ होत नाही, पण सुपारी तिथेच थांबवली तर पुढची वाढ रोखता येते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मावा सगळीकडे मिळतो आणि तो खाणारी मुलं विशीच्या आत येतात. ते पाहून जीव तुटतो.

दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला कुठलाही व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतली गाठ, दुखत नसली तरी दाखवा.

गोड किती चालतं? गूळ चांगला ना?

दाताला गूळ आणि साखर सारखेच. जंतू दोन्हींपासून आम्ल करतात. उलट चिक्की आणि गुळाची ढेप दाढेत चिकटून राहतात.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांसाठी जास्त महत्त्वाचं. गोड घोट घेतला की काही मिनिटांत आम्लता वाढते, पीएच (आम्लतेचं माप, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दातातली खनिजं सुटायला लागतात आणि लाळेला ते पुन्हा जागेवर आणायला अर्धा ते एक तास लागतो. आता आपला दिवस मांडा. सकाळचा चहा, ऑफिसला पोचल्यावर चहा, पाहुणे आले चहा, चारचा चहा बिस्किटासह, संध्याकाळचा चहा. दात सावरायच्या आत पुन्हा साखर. एका कपात दोन चमचे धरले तर चार कपांतच आठ चमचे होतात. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमच्यांच्या आसपास, ठेवायला सांगते.

म्हणून सणाला पुरणपोळी, श्रीखंड जेवताना पोटभर खा. मधल्या वेळचा चहा मात्र बिनसाखरेचा करा, निदान अर्ध्या साखरेचा. बिस्किटाऐवजी शेंगदाणे किंवा फुटाणे घ्या.

दातात किडा असतो का? धुरी देऊन काढतात, तसं करावं का?

किडा नसतो. जंतूंच्या आम्लाने दात विरघळून खड्डा पडतो. जत्रेत, बाजारात धुरी देऊन वाटीत पांढऱ्या अळ्या दाखवतात, त्या तुमच्या दातातून आलेल्या नसतात. खड्डा तसाच राहतो आणि वाढतो.

ठणका लागलेली दाढ आपोआप थांबली. बरी झाली ना?

बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. काही आठवड्यांनी, महिन्यांनी मुळाशी पू होतो. दुखायचं थांबलं तेव्हाच दाखवायचं.

दातांच्या फटींत अन्न अडकतं. काडी वापरतो, चालेल?

आगपेटीची काडी, सेफ्टी पिन, ब्लाउजची हुक हे सगळं मी पाहिलं आहे. हिरडीला जखम होते आणि फट रुंदावते. दात जवळजवळ असतील तर फ्लॉसचा धागा, फटी मोठ्या असतील तर औषधाच्या दुकानात बारीक गोल ब्रश मिळतो तो. दिवसातून एकदा, रात्री. नेहमी एकाच जागी अडकत असेल तर तिथे कीड लागलेली असते किंवा फिलिंगची कड तुटलेली असते.

मशीनने दात साफ केले की हलतात, फटी पडतात. म्हणून करत नाही.

फटी आधीच असतात, किटणाने बुजलेल्या असतात. हाड झिजलेलं असतं आणि दात किटणाच्या आधाराने उभा असतो. ते काढल्यावर दात खरा कसा आहे ते दिसतं. काही दिवस गार लागतं, मग कमी होतं. मशीन कंपनांनी किटण सोडवतं, दाताचं कवच काढत नाही.

वरची दाढ काढली की नजर जाते?

नाही. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी.

दुधाचे दात पडणारच आहेत. किडले तर काय बिघडलं?

मागच्या दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत राहतात. तोवर त्याच दाढांनी मूल जेवतं. ठणक्याने रात्र काढलेलं मूल शाळेत काय शिकणार? वेळेआधी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नव्या दातांना जागा उरत नाही.

पहिला दात साधारण सहा महिन्यांनी येतो, तेव्हापासून साफ करायला लागा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला नीट जमत नाही, आईबापांनी किंवा आजोबांनी रात्रीचा ब्रश स्वतः करून द्यावा. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. पुढचे चार दात असे काळे होऊन झिजलेले पाहिले की बहुतेक वेळा रात्रीची बाटली किंवा गोड बोंडलं निघतं.

सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्या वरच्या खोल रेषा भरून घेता येतात, त्याला सीलंट म्हणतात, दुखत नाही आणि कीड टळते.

गरोदरपणात दातांचे उपचार करता येतात का?

येतात. सगळ्यात सोयीचे महिने चौथा ते सहावा, पण पू किंवा ठणका असेल तर कधीही. या काळात हिरड्या लवकर सुजतात, त्यामुळे ब्रश जास्त काळजीने करावा लागतो. बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम घेतं, हे खरं नाही. उलट्या झाल्यावर चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

आमच्या गावात मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. नीट घासत नाहीत म्हणून का?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात हाडात तयार होत असतानाच ते पाणी पोटात गेलं की असे डाग पडतात, घासून जात नाहीत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागा आणि निदान आठ वर्षांखालच्या मुलांसाठी दुसरं पाणी किंवा आरओचं पाणी मिळेल असं पाहा.

वडील अंथरुणाला खिळलेत, कवळी आहे. तोंड कसं साफ करायचं?

हे काम घरात राहून जातं आणि त्याचा परिणाम फुप्फुसावर होतो. गिळायला त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो. दिवसातून दोनदा त्यांना उशीने टेकवून बसवा, मान किंचित पुढे. बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून हिरड्या, गालांची आतली बाजू आणि जीभ पुसा. उरलेल्या दातांना मऊ ब्रश.

कवळी रात्री काढा, ब्रश आणि साध्या साबणाने धुवा आणि वाटीत पाण्यात बुडवून ठेवा. गरम पाणी नको, ती वाकडी होते. पेस्टने चरे पडतात.

खेळताना मुलाचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. काय करायचं?

कायमचा दात असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुडवा आणि जमलं तर लगेच त्याच खळग्यात बसवा. नाहीतर वाटीभर दुधात ठेवून दवाखाना गाठा. अर्ध्या तासात पोचलात तर दात पुन्हा धरण्याची शक्यता चांगली असते. दुधाचा दात परत बसवायचा नसतो.

रात्री दुखायला लागलं तर?

कोमट मिठाच्या पाण्याने चूळ, नेहमी चालत असलेली दुखण्याची गोळी आणि खड्ड्यात कापसावर लवंगतेलाचा एखादा थेंब. अ‍ॅस्पिरिन हिरडीवर ठेवू नका, जळते. बाहेरून शेकू नका. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास, श्वास अडकणं, यातलं काही असेल तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा. हा संसर्ग मानेत उतरून जीव घेऊ शकतो.

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नाही. कुठे जायचं?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. मुंबईत नायर दंत महाविद्यालय महापालिकेचं आहे, गोव्यात बांबोळीला शासकीय दंत महाविद्यालय आहे. खर्च खासगीच्या मानाने फार कमी येतो. काम शिकणारे विद्यार्थी करतात आणि शिक्षक तपासतात, त्यामुळे वेळ लागतो, एका रूट कॅनालला बऱ्याच फेऱ्या होतात. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात, दाढ काढणं तिथे होतं. केसपेपर सकाळी निघतो, म्हणून लवकर जा. चालू गोळ्यांची पाकिटं, आधीचा एक्स-रे आणि शुगरचा रिपोर्ट सोबत ठेवा, आणि निघण्यापूर्वी नाश्ता करून जा.